चालतंय

फॉर्म बत्तीस पानांचा आहे, मिस्टर रॅटरे,
आणि आपण अजून अकराव्या प्रश्नावर आहोत.
न थांबता तुम्हाला किती अंतर चालता येतं?
वीस मीटर, पन्नास, दोनशे, त्याहून जास्त.
तुम्ही टोपी गुडघ्यावर गोल फिरवता
आणि म्हणता, "चालतंय."

मंगळवारी आणि शुक्रवारी
डंडीच्या या वाचनालयात, बालविभागाच्या मागे
माझं टेबल असतं. एक किटली, दोन पेनं
आणि लहान मुलांची एक खुर्ची, जी कुणी परत नेत नाही.
एकतीस वर्षं मी या टेकडीवर टपाल वाटलं.
कुणाच्या दाराआड खाकी लिफाफे साठतात
ते मला हाताला कळायचं.
नवा लिफाफा जुन्यांवर पडल्याचा आवाज वेगळा असतो.
माझी आईसुद्धा ते पावाच्या डब्यामागे सारायची.
वाचता यायचं तिला, चांगलं यायचं.
पण त्यांची भाषाच अशी, की वाचणाऱ्याला
आपणच काहीतरी चोरल्यासारखं वाटावं.

तर, चालतंय.
हाच शब्द तुम्ही त्या माणसालाही सांगितलात
ज्यानं फोनवर सात मिनिटांत तुम्हाला निकालात काढलं.
त्यानं तो जसाच्या तसा लिहून घेतला.
त्याला तरी काय बोलू? त्याच्या कानापर्यंत
तुमचा श्वास पोचला नसेल.

उठा. कोट घाला. फॉर्म राहू दे इथेच.
बसथांब्यापर्यंत जाऊन येऊ.

दाराशी चाकांच्या खुर्चीसाठी उतार केलाय.
तो संपतो तिथे एक पायरी आहे.
कुणी बांधली, देव जाणे.

मी पावलं मोजतेय हे तुम्हाला कळू नये
म्हणून माझ्या गुडघ्यांबद्दल बडबडत राहते.
नवव्या पावलाला तुमचं वाक्य तुटतं.
चौदाव्याला तुम्ही थांबता
नवऱ्यामुलींच्या कपड्यांच्या दुकानासमोर
आणि काचेत टक लावून बघता.
"झालर फार आहे," म्हणता.
वारा टे नदीवरून सरळ चढावर येतो,
तरी तुमच्या छातीतली ती शीळ,
जहाजांच्या पोटात वेल्डिंग करताना भरलेली,
मला दोन हात लांबून ऐकू येते.
पुढे चष्म्यांचं दुकान. मग बंद पडलेली बँक,
तिच्या काचेत तर बघण्यासारखंही काही नाही.
तिथे कठडा धरून तुम्ही म्हणता,
"सीगल बघतोय."

किती वर्षं बघताय, मिस्टर रॅटरे?

बस येते, दार उघडते, जाते.
"मेरिअन होती तेव्हापासून," तुम्ही म्हणता.
"तिला वाटायचं, म्हातारपणी याला
दुकानांचा नाद लागला."

परत येऊन लिहायला बसतो.
उत्तराची चौकट काडेपेटीएवढी.
चौदा पावलं, थांबणं, लग्नाचे कपडे.
आणखी अकरा. चष्मे. आणखी सहा.
"सीगलचं नको लिहूस, हसतील."
मी लिहिते. वेगळा कागद जोडते.
सहीपाशी तुमचा हात अडतो.
"माझ्याहून वाईट हाल आहेत गं लोकांचे."
असतील. त्यांनाही घेऊन या.

निकालाला किती आठवडे लागतील
मला खरंच माहीत नाही. नाकारलं, तर पुन्हा लिहू.
पेनं दोन आहेत.

परवा तुम्ही आलात, तसेच,
दुकानं बघत बघत. मागे एक बाई,
न फोडलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा छातीशी,
त्याला रबरबँड.
"ही इसोबेल, माझ्या वरच्या मजल्यावरची.
हिचं अगदी ठीक चाललंय, म्हणते."
मग लहान मुलांची ती खुर्ची पायानं ओढून
तुम्ही धापा टाकत टेकलात.
"हिला विचार," म्हणालात,
"जिन्यात मध्येच थांबून
ही रोज भिंतीवर काय बघते."